तार्तू (एस्टोनिया) एका दिवसात होईल का? सोबत आई-बाबा आहेत

सह्यवेडा:
जूनमध्ये भावाकडे हेलसिंकीला चाललोय, तिथून बोटीनं टालिन आणि मग तार्तू असं डोक्यात आहे. बाबा भूमी अभिलेखमधून रिटायर झालेत, जन्मभर मोजणीच केली, आणि कुठूनतरी त्यांना कळलंय की तार्तूला पृथ्वी मोजायचं कायतरी झालं होतं, तेव्हापासून तेच चालूए. सकाळी जाऊन संध्याकाळी टालिनला परत जमेल का? आईचे गुडघे दुखतात आणि ती शाकाहारी आहे.

नदीकाठ:
मी तिथे दोन वर्षं मास्टर्स केलंय. ट्रेननं साधारण दोन तास लागतात म्हणजे जमेल, पण नका करू, एक रात्र राहाच. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, एमायोगी नदीकाठी पोरंपोरी बसलेली असतात, ते गाव खरं तेव्हा दिसतं. युनिव्हर्सिटी 1632 ची, स्वीडनच्या राजानं काढलेली. मेन बिल्डिंगच्या माळ्यावर विद्यार्थ्यांना डांबायची कोठडी आहे ती चुकवू नका, लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं तरी आत टाकायचे, पोरांनी भिंतींवर काढलेली चित्रं अजून आहेत. आईंना मात्र खाली चौकातच बसू द्या, माळ्यापर्यंत जिने आहेत. खायला काळी राईची ब्रेड, बटाटे, मश्रूम मिळतात, सूप मागवताना स्टॉक मांसाचा आहे का ते तेवढं विचारा.

त्रिकोण_कोन:
बाबांना टूमे टेकडीवरच्या जुन्या वेधशाळेत न्या, आणि घाई करू नका. स्त्रूव हा तिथलाच खगोलशास्त्रज्ञ. 1816 ते 1855 मध्ये त्यानं आणि सोबतच्यांनी नॉर्वेच्या हॅमरफेस्टपासून काळ्या समुद्रापर्यंत 2,820 किमी त्रिकोणांची साखळी मोजली, पृथ्वीचा आकार काढायला; पायाची रेघ जमिनीवर मोजायची आणि पुढे त्रिकोणांच्या बाजू कोनांवरून काढायच्या, बाबांना सांगायची गरजच नाही. आज ती साखळी 10 देशांतून जाते, युनेस्कोच्या यादीत आहे, आणि वेधशाळा तिच्यातला एक बिंदू आहे. त्याच काळात आपल्याकडे लॅम्बटन हा इंग्रज मोजणी अधिकारी तसंच काम करत होता, तो 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटलाच वारला, कबरही तिथेच आहे.

सह्यवेडा:
बाबांना आत्ताच वाचून दाखवलं, हिंगणघाट ऐकल्यावर चष्मा काढून गप्प बसले बराच वेळ. दोन रात्री ठेवतोय. आईसाठी टेकडीवर टॅक्सी जाते ना वरपर्यंत?

नदीकाठ:
वेधशाळेच्या अगदी जवळपर्यंत सोडतील. पण टेकडीवर फरसबंदी खडबडीत आहे, जाड तळव्याचे बूट घालायला सांगा त्यांना.