एअर पिस्तूल: पीसीपी घ्यावं की सिंगल स्ट्रोक? मदत हवी आहे

जळगावला राहतो. फक्त कागदी टार्गेटवर १० मीटर नेमबाजी करायची आहे, स्पर्धा नाही. .२२ इंच छऱ्याच्या पिस्तुलाला परवाना लागतो, म्हणून तो विचार सोडला; .१७७ इंचाचं आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेलंच घेणार. बजेट साठ हजारांपर्यंत, जुनंही चालेल. मी डावखुरा आहे.

ओळखीच्या एकाचं पीसीपी (आधीच दाबाने हवा भरून ठेवलेल्या सिलिंडरवर चालणारं पिस्तूल) हाताळून पाहिलं. ५०० ग्रॅमचा ट्रिगर इतका हलका की बोट टेकवताच शॉट सुटतो, आणि झटका जवळपास नाहीच. मन तिथेच अडकलं. पण सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा भरायची कुठे? जवळपास सोय सापडली नाही. हातपंप मारून पाहिला, शेवटी शेवटी अख्खं अंग टाकावं लागतं. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, भरलेला सिलिंडर घरात ठेवायचीही धाकधूक वाटते.

सिंगल स्ट्रोकला सिलिंडरची कटकट नाही, पण दर शॉटला हवा दाबायला एकदा लिव्हर ओढायची. त्याने हात थरथरून नेम बिघडतो का, हेच कळत नाही.

खान्देशात पीसीपी वापरणारे हवा कुठे भरतात, उन्हाळ्यात सिलिंडर कसा सांभाळतात? आणि सिंगल स्ट्रोकमध्ये डाव्या हाताची ग्रिप वेगळी मिळते, की सुताराकडून लाकडी करून घ्यावी लागते?