मदत हवी आहे: गूगल जाहिरातीवर क्लिक येतात, फोन येत नाहीत

निवळशंख
नमस्कार मंडळी. जरा लवकर सांगा, सोमवारी पुढच्या महिन्याचे पैसे भरायचे आहेत.
आमचं टाकी सफाईचं काम आहे. गूगलवर जाहिरात चालू आहे, एजन्सीकडे दिली आहे. रिपोर्टमध्ये क्लिक भरपूर, 'कन्व्हर्जन ६३' असंही लिहून येतं. प्रत्यक्षात फोन आले चार, त्यातला एक टँकर मागवायला. बजेट दुपारी बारालाच संपलेलं असतं. एजन्सीवाला म्हणतो बजेट वाढवा, अल्गोरिदमला शिकायला डेटा मिळेल. वाढवू की बंद करू? आणि तो एसईओचंही (जाहिरातीविना गूगल शोधात वर येण्याचं) पॅकेज देतोय, ते घ्यावं का?

सौ_चौकस
गाव कुठलं, टाक्या कुणाच्या, पैसे किती, वेबसाइट आहे की नाही? यातलं काहीच लिहिलं नाहीत आणि वर घाई.

इंद्रायणीकाठ
कन्व्हर्जन म्हणजे जाहिरातीवरून आलेल्याने केलेली, आपण मोजायची ठरवलेली कृती. मग ते ६३ म्हणजे नक्की काय मोजलंय? फोन, फॉर्म, व्हॉट्सॲप, की नुसतं एखादं पान उघडणं? आधी ते विचारून घ्या. आणि 'सर्च टर्म्स' रिपोर्ट मागा. कीवर्डची (एजन्सीने निवडलेल्या शब्दांची) यादी नको, लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केल्यावर तुमची जाहिरात दिसली ते हवं. दोन्ही इथे टाका, मग बोलू.

कलमबहाद्दर
जाहिरात बंद करा, सरळ. ते भाड्याचं घर आहे, भाडं थांबलं की तुम्ही रस्त्यावर. त्यापेक्षा एसईओ. 'सोसायटीची टाकी किती महिन्यांनी धुवावी', 'पाण्याला वास का येतो' असे लेख लिहा. मी माझ्या क्लायंटांना हेच सांगतो. वेळ लागतो, पण गिऱ्हाईक फुकट येतं.

फुकटफौजदार
स्पर्धक क्लिक करतात हो! सकाळी उठून समोरच्याच्या जाहिरातीवर बोट मारायचं, दुपारपर्यंत त्याचं बजेट साफ. माझ्या मेहुण्याचं असंच झालं. म्हणून म्हणतो, गूगल वगैरे सोडा, टेम्पोवर मोठा नंबर रंगवा.

इंद्रायणीकाठ
@फुकटफौजदार, तसे क्लिक होतात, नाही असं नाही. पण गूगल ते बऱ्याच अंशी ओळखून त्यांचे पैसे लावत नाही. खात्यात 'अवैध क्लिक' हा कॉलम चालू केला की आकडा दिसतो. दर वेळी शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी तो बघावा.

निवळशंख
पिंपरी-चिंचवड. वेबसाइट आहे, एजन्सीनेच बनवली. महिन्याला १५ हजार देतो.

सौ_चौकस
आम्ही वाकडला राहतो. सोसायटीत दोन अंडरग्राउंड आणि चार ओव्हरहेड आहेत. काय रेट पडेल?

निवळशंख
ताई, टाकीची क्षमता आणि आत गाळ किती त्यावर आहे. आधी स्लज पंपाने गाळ उपसतो, मग जेटने भिंती धुतो, व्हॅक्यूमने उरलेलं ओढून शेवटी जंतुनाशक फवारणी. साइट बघूनच कोटेशन देतो. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

म्हाद्या_मोशीकर
घ्या! रेटचं उत्तर दोन मिनिटांत आणि जे विचारलं त्याचा पत्ता नाही. दादा, १५ हजारातले गूगलला किती जातात आणि एजन्सीच्या खिशात किती?

हिशेबनीस
जाता जाता, एक सांगून ठेवतो. आगाऊ पैसे भरायच्या खात्यात १,००० भरले की जाहिरातीसाठी ८४७.४६ च जमा होतात, बाकीचा १८ टक्के जीएसटी. तुमचा जीएसटी नंबर बिलिंगमध्ये घातलेला असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कर तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. खातं एजन्सीच्या नावावर असेल तर बिल त्यांच्या नावाने निघणार, क्रेडिटही त्यांनाच. आणि ऑनलाइन जाहिरातींवरची ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही (परदेशी कंपनीला दिलेल्या जाहिरातीच्या पैशांवरचा कर) १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाली आहे.

म्हाद्या_मोशीकर
लेव्हीचं कुणी विचारलं होतं?

हिशेबनीस
विचारलं नाही म्हणूनच सांगितलं. नंतर विचारतात.

निवळशंख
फी आणि जाहिरात असे वेगळे आकडे त्यांनी कधी सांगितले नाहीत. एकच इनव्हॉइस येतं, 'डिजिटल मार्केटिंग सेवा'. खातं बघायला मला लॉगिन नाही. आज फोन केला, म्हणाले रिपोर्ट तर दर महिन्याला पाठवतोच.

इंद्रायणीकाठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. बजेट वाढवायचा प्रश्न नंतरचा, आधी खातं. प्रत्येक गूगल ॲड्स खात्याला दहा आकडी ग्राहक क्रमांक असतो. तो मागा आणि तुमच्या जीमेलला 'ॲडमिन' परवानगी द्यायला सांगा. एजन्सी आपल्या मॅनेजर खात्यातून ते चालवू शकते, त्यात गैर काही नाही. मात्र खातं तुमचं असलं तर एजन्सी बदलली तरी जुना सगळा इतिहास तुमच्याकडे राहतो. नकाशावरच्या बिझनेस प्रोफाइलचा मुख्य मालक कोण आहे, तेही बघून घ्या.

कलमबहाद्दर
म्हणून म्हणत होतो, एसईओ. त्यात कुणाच्या लॉगिनची भानगड नाही.

म्हाद्या_मोशीकर
वेबसाइट एजन्सीने बनवली म्हटलंय त्यांनी. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते विचारा, मग भानगड कळेल. आणि बहाद्दर, रात्री टाकीत मेलेली पाल सापडलेला माणूस तुमचा लेख वाचत बसणार का? तो पहिला दिसेल त्या नंबरला फोन लावणार.

कलमबहाद्दर
पाल सापडलेला माणूस 'निअर मी' लिहून शोधतो, तेव्हा वर नकाशातली तीन नावं येतात, आणि ती फुकट असतात. तोसुद्धा एसईओच आहे बरं का.

इंद्रायणीकाठ
इथे बहाद्दरांशी सहमत. नकाशात वर येण्यासाठी शोधाशी जुळणी, अंतर आणि तुमची ओळख या तीन गोष्टी धरल्या जातात. अंतर आपल्या हातात नाही. बाकी दोनसाठी योग्य प्रकार निवडा, कामाचे खरे फोटो टाका आणि प्रत्येक काम झाल्यावर सेक्रेटरीकडून रिव्ह्यू मागा. नावात मात्र 'बेस्ट टाकी सफाई पुणे वाकड रावेत' असं काही कोंबू नका, प्रोफाइल निलंबित होते.

साखरभात
जाहिरात मराठीत आहे का? मला तर पिंपरीतही सगळ्या जाहिराती इंग्रजीतच दिसतात. आपणच आपली भाषा वापरली नाही तर कोण वापरणार?

म्हाद्या_मोशीकर
लोक शोधतात 'वॉटर टँक क्लीनिंग', तेही रोमन लिपीत. 'पाण्याची टाकी स्वच्छ करणे' असा कीवर्ड आम्ही आमच्या धंद्यात घालून बघितला होता, 'लो सर्च व्हॉल्यूम' (फारसं कुणी शोधत नाही) म्हणून निष्क्रिय पडून राहिला.

साखरभात
कीवर्डचं नाही म्हणत, जाहिरातीच्या ओळींचं म्हणतेय. इंग्रजीत शोधणाऱ्यालाही 'गाळ उपसून, जेटने धुऊन' हे वाचून बरं वाटेल की नाही?

फुकटफौजदार
सुरू झाला भाषेचा तास. (हलके घ्या.)

निवळशंख
ॲक्सेस मिळाला. 'पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे बघतो' म्हटल्यावर तासाभरात आला. सर्च टर्म्समधलं थोडं देतो, मूळ रोमनमध्ये आहे, मी मराठीत लिहितोय:
वॉटर टँकर निअर मी
१००० लिटर टाकी प्राइस
वॉटर टँक क्लीनिंग मशीन
टाकी साफ कैसे करें
वॉटर टँक क्लीनिंग वाकड
वॉटर टँकर हिंजवडी
टँक क्लीनिंग जॉब
सेटिंगमध्ये 'ब्रॉड मॅच' लिहिलंय. कन्व्हर्जनपुढे 'पेज व्ह्यू – कॉन्टॅक्ट'. बिडिंग 'मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स'. लोकेशन पुणे. यातलं काय चुकलंय?

इंद्रायणीकाठ
आता चित्र दिसलं. तुमच्या ६३ कन्व्हर्जनचा अर्थ 'संपर्क' पान ६३ वेळा उघडलं, एवढाच. त्यात फोन कुठेच नाही. बिडिंग यंत्राला, म्हणजे प्रत्येक क्लिकसाठी बोली लावणाऱ्याला, सांगितलंय की कन्व्हर्जन जास्तीत जास्त आणा, म्हणून ते स्वस्तात संपर्क पान उघडणारी माणसं शोधून आणतं. टँकर हवा असलेला माणूस ते पान हमखास उघडतो. यंत्र शिकतंय, पण टँकरवाल्यांना शोधायला शिकतंय. बजेट वाढवलं तर तेच आणखी जोरात करेल.
मोबाइलवर तुमच्या साइटचं पहिलं पान उघडून वरच्या नंबरावर बोट ठेवा. काय होतं?

निवळशंख
काहीच नाही. नंबर वरच्या फोटोतच छापलाय. फोटो मोठा होतो.

म्हाद्या_मोशीकर
अरे देवा! म्हणजे ज्याला खरंच टाकी धुवायची होती तो फोटोवर बोटं आपटून शेवटी संपर्क पानावर गेला, आणि एजन्सीने तेच यश म्हणून मोजलं.

इंद्रायणीकाठ
अगदी तसंच. या क्रमाने करा. नंबर अक्षरांत, टॅप केल्यावर फोन लागेल असा लावा, शेजारी व्हॉट्सॲपचं बटण. त्या दोन टॅपना कन्व्हर्जन ठरवा आणि संपर्क पानाचं मोजणं बाद करा. मॅच टाइप, म्हणजे शोध तुमच्या कीवर्डशी किती नेमका जुळायला हवा ते, 'ब्रॉड'वरून 'फ्रेज' किंवा 'एक्झॅक्ट' करा. पूर्वी अधलामधला एक प्रकार होता, तो २०२१ मध्ये गेला, आता तीनच उरलेत. मग निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे जे शब्द शोधल्यावर जाहिरात दिसूच नये ते: टँकर, प्राइस, लिटर, मशीन, जॉब, कैसे. यात एक खोच आहे. निगेटिव्ह शब्द भाषांतर किंवा समानार्थी शब्द आपणहून धरत नाहीत. रोमनमधला 'टँकर', मराठीतला 'टँकर', हिंदीतला 'टैंकर', अनेकवचन, सगळं वेगवेगळं घालावं लागतं.
लोकेशनमध्ये आत जाऊन 'त्या भागात असलेले' एवढंच ठेवा. मूळ सेटिंगमध्ये 'रस असलेले'ही धरतात, म्हणजे मुंबईत बसून पुण्याबद्दल शोधणाराही त्यात येतो. शिवाय हिंजवडीच्या पलीकडे तुमची गाडी जाते का? नसेल तर पूर्ण पुणे कशाला?
आणि रोजचा आकडा ही त्या दिवसाची पक्की मर्यादा नसते. एखाद्या दिवशी दुप्पटही खर्च होतो. महिन्याची मर्यादा मात्र रोजचा आकडा गुणिले ३०.४ अशी पाळली जाते.

हिशेबनीस
३०.४ म्हणजे ३६५ भागिले १२. बरोबर आहे.

कलमबहाद्दर
एसईओ पॅकेजमध्ये काय देतायत ते सांगा.

निवळशंख
मेटा कीवर्ड, १०० बॅकलिंक, ५० डिरेक्टरी सबमिशन, आणि 'तीन महिन्यांत पहिला नंबर, गॅरंटी'.

कलमबहाद्दर
घेऊ नका. हे मी म्हणतोय, माझं पोट एसईओवर असून. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लिहिलेली शब्दांची यादी) रँकिंगला धरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हेही त्यांच्या मार्गदर्शक पानांवर लिहिलंय. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणारी लिंक, तशा विकत घेतलेल्या शंभर लिंकांनी झालं तर नुकसानच होईल. त्या पैशांत वाकड, रावेत, पिंपळे सौदागर इथल्या तुमच्या कामांची पानं करा, गाळाच्या आधीच्या-नंतरच्या फोटोंसकट.

सौ_चौकस
व्यनि वाचला, पण माझ्या हातात काही नाही. आमच्याकडे तीन कोटेशनं घेऊन कमिटीत ठेवतात, मग निर्णय. तुमचं गिऱ्हाईक बंगला की सोसायटी?

निवळशंख
मुख्यतः सोसायटी. वर्षाचा करार मिळाला तर उत्तम.

सौ_चौकस
मग दुपारी मोबाइलवर शोधणारा फ्लॅटवाला फोन करून करणार काय? तो फार तर सेक्रेटरीला लिंक पाठवेल. साइटवर कोटेशनचा नमुना आणि कराराचे दर ठेवा, डाउनलोड करता येतील असे. मीच ते कमिटीच्या ग्रुपवर टाकलं असतं.

इंद्रायणीकाठ
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग कोटेशन डाउनलोड हेसुद्धा कन्व्हर्जन म्हणून मोजा, फोनपासून वेगळं.

निवळशंख
सगळ्यांचे आभार. नंबर आजच बदलून घेतो. फक्त एक, निगेटिव्ह घातल्यावर बिडिंग लगेच बदलू की थोडे दिवस तसंच ठेवू? आणि सोमवारी पैसे भरू का?

इंद्रायणीकाठ
फोनचं टॅप मोजलं जातंय याची खात्री होईपर्यंत 'मॅक्सिमाइझ क्लिक्स' ठेवा, क्लिकच्या दराला वरची मर्यादा घालून. टॅप नियमित येऊ लागले की परत कन्व्हर्जनवर जा. सोमवारी पूर्ण १५ हजार देऊ नका. फी वेगळी लिहून मागा आणि जाहिरातीचे पैसे तुमच्या खात्यात तुम्ही स्वतः भरा.

हिशेबनीस
आणि भरण्याआधी जीएसटी नंबर घाला. नंतर घातलात तर आधीची बिलं त्याशिवायच निघालेली असतील.