डोरोथियाला सोडून हे व्हिन्सी कुठून आले?

मेघना (सी ६०३): वसुधाताई, एक विचारू? जॉर्ज इलियटच्या ‘मिडलमार्च’ कादंबरीची पहिली दहा प्रकरणं भराभर झाली. डोरोथिया त्या पुस्तकी कॅसॉबॉनशी लग्न करते, आता पुढे काय म्हणून पान उलटलं, तर बाईच गायब! कोण तो डॉक्टर लिडगेट, कोण ते व्हिन्सी, कुणाची तरी इस्टेट, कुणाचं तरी कर्ज. हे सगळं गाळून फक्त डोरोथियाचं वाचत गेले तर चालेल का?

प्रभाकरकाका (बी १०४): खुशाल गाळ. मी तेच केलं. ८६ प्रकरणं आहेत, शिवाय आधी एक प्रस्तावना आणि मागे एक उपसंहार. कोण वाचणार?

सचिव: हा ग्रुप पाणी, पार्किंग, मेंटेनन्ससाठी आहे. पुस्तकांचं वाचनकट्ट्यावर. उद्या टाकी साफ होणार, ११ ते ३ पाणी बंद.

मेघना: ओके 🙏 ताई, कट्ट्यावर या.

*वाचनकट्टा*

वसुधाताई (ए २०१): आले. मेघना, गाळू नकोस. तुला जिथे खटकलं ना, तिथे खरंच जोड आहे. जॉर्ज इलियटने (मूळ नाव मेरी ॲन इव्हान्स) १८६९ मध्ये ‘मिडलमार्च’ लिहायला घेतली तेव्हा तिच्यात डोरोथिया नव्हतीच. लिडगेट, व्हिन्सी कुटुंब, म्हातारा पैसेवाला फेदरस्टोन, एवढंच होतं. ते पुढे सरकेना. १८७० च्या अखेरीस तिने ‘मिस ब्रूक’ नावाची वेगळीच गोष्ट सुरू केली आणि १८७१ च्या सुरुवातीला दोन्ही एकत्र केल्या.

दहाव्या प्रकरणातली ब्रूकसाहेबांकडची, म्हणजे डोरोथियाच्या काकांकडची, मेजवानी परत वाच. नवा नगराध्यक्ष व्हिन्सी, बँकर बुलस्ट्रोड, नुकताच आलेला लिडगेट, अशी गावातली मंडळी तिथेच पहिल्यांदा दिसतात. शेवटच्या दोन वाक्यांत डोरोथियाचं लग्न उरकतं, ती रोमच्या वाटेला लागते, आणि अकराव्यापासून मिडलमार्च गाव सुरू. ती परत नीट भेटते ती एकोणिसाव्यात, रोममध्ये. हा जोड मला काही बेमालूम वाटत नाही. मेजवानी जरा ओढूनताणून घातलेली आहे.

मेघना: म्हणजे वाचकांना तेव्हाही असंच वाटलं असणार!

वसुधाताई: आणि त्यांना तर थांबावंही लागलं. कादंबरी आठ भागांत आली, डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२, शेवटचे भाग सोडले तर दर दोन महिन्यांनी एक, किंमत पाच शिलिंग. पहिल्या भागात बारा प्रकरणं होती. भागाचं नाव ‘मिस ब्रूक’, पण शेवट व्हिन्सींचा मुलगा फ्रेड आणि त्याच्या पैशाच्या आशेवर! दहाव्याला भाग संपवला असता तर सोपं होतं. तिने मुद्दाम दोन प्रकरणं गावाची दिली, म्हणजे पुढचे दोन महिने लोकांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी राहतील.

प्रभाकरकाका: दोन गोष्टी एका पुठ्ठ्यात घातल्या म्हणजे एक कादंबरी होत नाही हो ताई.

वसुधाताई: बरोबर. म्हणून त्या एकमेकींना कुठे भिडतात ते बघायचं. डोरोथियाला वाटतं, नवऱ्याच्या थोर ग्रंथाला हातभार लावणं म्हणजे आयुष्याचं सार्थक. लिडगेटला वाटतं, संशोधन करायचं आणि घरी सुंदर, शांत बायको हवी. दोघंही माणसाशी नाही, स्वतःच्या कल्पनेशी लग्न करतात. जगातल्या सगळ्या पुराणकथांचा उलगडा करणारा कॅसॉबॉनचा ग्रंथ पुरा होत नाही, आणि शरीरातल्या सगळ्या ऊतींचं मूळ शोधायचं लिडगेटचं कामही नाही. पण कॅसॉबॉनचं पाणी आधीच आटलेलं होतं. लिडगेटमध्ये कुवत होती. त्यामुळे त्याचं अपयश मला जास्त लागतं.

मृत्युपत्रंही दोन आहेत. (पाचव्या भागापर्यंत न पोचलेल्यांनी पुढचं वाचू नये.) आधी फेदरस्टोनचं. मरायच्या रात्री तो त्याची देखभाल करणाऱ्या मेरी गार्थला पेटी उघडायला सांगतो, एक मृत्युपत्र जाळायचं असतं. ती हात लावत नाही. मग अंत्यविधीला जमलेले नातेवाईक, एकेकाचे चेहरे, सगळं विनोदी. नंतर कॅसॉबॉनचं, त्यात एकही विनोद नाही: माझ्या नात्यातल्या त्या तरुण विल लॅडिस्लॉशी लग्न केलंस तर माझी मालमत्ता तुझी नाही. मेलेल्या माणसाचा हात जिवंतांच्या मानेवर कसा राहतो, हे इलियटने आधी हसवून शिकवलं, म्हणून दुसऱ्या वेळी आपण हसू शकत नाही. फेदरस्टोन गाळलात तर कॅसॉबॉनचा डाव निम्माच कळतो.

मेघना: मी वाचलं ते 😭 पुढचं वाचू नये म्हटल्यावर कोण थांबतं!

प्रभाकरकाका: सारखेपणा मान्य. पण रॅफल्स? बुलस्ट्रोडचं जुनं गुपित ठाऊक असलेला हा दारुडा येतो, फ्लास्क डुगडुगते म्हणून एक कागद उचलून तिच्याभोवती खोचतो, आणि त्यावर नेमकी बुलस्ट्रोडची सही! वर बुलस्ट्रोडची पहिली बायको लॅडिस्लॉची आजी. १८७३ मध्ये कादंबरीकार हेन्री जेम्सनेच लिहिलं की तपशिलांचा खजिना आहे, पण सबंध म्हणून बेताचं.

वसुधाताई: तो कागद मलाही पटत नाही, आणि आजीचं नातं तर अजिबात नाही. पण जेम्सचं म्हणणं पुरतं मान्य नाही. कागदाने रॅफल्स गावात येतो, बस. बुलस्ट्रोड बुडतो तो गावगप्पांनी. आणि त्या गप्पा कोण आणतो? बॅम्ब्रिज, घोड्यांचा व्यापारी. हा कोण, आठवतं का? फ्रेडचं १६० पौंडांचं कर्ज त्याचंच. तेविसाव्या प्रकरणातला हा माणूस एकाहत्तराव्यात ग्रीन ड्रॅगन या खाणावळीत उभा राहून रॅफल्सकडून ऐकलेलं सांगतो, आणि बँकरची अब्रू जाते. फ्रेडची गोष्ट गाळलेल्याला तो कुणीतरी भलताच वाटणार.

डॉ. अनिरुद्ध (ए ५०५): ताई, रॅफल्सच्या मरणावर मी बोलू का? ते प्रकरण डॉक्टरने वाचावं असं आहे. दारूमुळे असा आजार झाला तर तेव्हाचे डॉक्टर पुन्हा दारूच द्यायचे आणि वर अफूचे मोठे डोस. लिडगेट अमेरिकेतल्या डॉ. वेअरच्या अनुभवावर जाऊन सांगतो, दारू बंद आणि अफू जपून. बुलस्ट्रोड घरातल्या बाईला अफू कधी थांबवायची ते सांगत नाही, शेवटी ब्रँडीसाठी किल्लीही देतो. रॅफल्स मरतो. आता मजा बघा: गावातल्या कुठल्याही जुन्या डॉक्टरने तेच केलं असतं! त्यामुळे खून झाला हे सिद्ध होत नाही, आणि झाला नाही हेही नाही. लिडगेट नव्या विद्येमुळेच अडकतो. जुन्या पद्धतीचा असता तर त्याच्या मनात शंकाही आली नसती.

वसुधाताई: वा, डॉक्टर! आणि त्याच सुमारास बुलस्ट्रोडने लिडगेटला १००० पौंड दिलेले असतात. लोकांना एवढं पुरतं. मग डोरोथिया तेवढेच १००० पौंड देऊन ते परत करायला लावते. ज्या दोन गोष्टी मेजवानीत नुसत्या शेजारी बसल्या होत्या, त्या इथे एका रकमेत मिळतात. प्रभाकरराव, त्या कागदापेक्षा मला ही रक्कम महत्त्वाची वाटते. गार्थ फ्रेडच्या कर्जाला जामीन राहिले, त्यापायी गार्थ काकूंनी (मेरीच्या आईने) मुलाच्या शिक्षणासाठी साठवलेले ९२ पौंड जातात, तेही याच्यातच धरा. या कादंबरीत माणसं एकमेकांना भेटतात त्याहून जास्त त्यांचे पैसे भेटतात.

मेघना: पण मला अजूनही डोरोथियाच आवडते. काय करू?

वसुधाताई: इलियटलाही आवडते. म्हणून एकोणतिसाव्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात ती डोरोथियाचं नाव घेते आणि अडखळून विचारते, पण सारखी डोरोथियाच का? आणि वळते कुणाकडे? कॅसॉबॉनकडे! ज्याला आपण इतका वेळ हसत होतो त्याची भीती, त्याचा एकटेपणा. तू गाळणार असशील तर निदान ते पान तरी गाळू नकोस.

प्रभाकरकाका: बरं. मी कुठून धरू परत?

वसुधाताई: तेविसावं. बॅम्ब्रिज तिथेच भेटेल. चौऱ्याहत्तरावं मात्र घाईत वाचू नका. बुलस्ट्रोडची बायको नवऱ्याची बदनामी कळल्यावर खोलीत जाते, दागिने उतरवते, साधा काळा पोशाख चढवते आणि खाली येऊन त्याच्याजवळ बसते. सगळ्या पुस्तकात तिला जेमतेम काही पानं आहेत.

प्रभाकरकाका: आणि तो विल लॅडिस्लॉ?

वसुधाताई: तो हवा तर गाळा.