विहिरीत पोहायला शिकलो, आता फ्रीस्टाइलचा वेग वाढत नाही. काय करू?

मळ्यातला_पोहणारा
वय ४१. निफाड तालुक्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पाठीला डबा बांधून शिकलो. आता नाशकात इंदिरानगरला राहतो, दोन वर्षं पहाटे सहाच्या बॅचला तलावावर जातो. दम आहे, तासभर सलग पोहतो. पण १०० मीटरला २ मिनिटं ५० सेकंद लागतात आणि गेल्या दिवाळीपासून गाडी तिथंच अडकलीय. हात जोरात मारले की ५० मीटरलाच छाती भरून येते, वेळ मात्र दोन-तीन सेकंदांनीच घटतो. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवरच्या समुद्री स्पर्धेत उतरायची फार इच्छा आहे. जिम लावू का?

रोज_दोन_हजार
जिमचं नंतर बघा. आधी ५० मीटरला हात किती पडतात ते मोजून इथं टाका.

मळ्यातला_पोहणारा
आज मोजले. ६४.

गोदाकाठची
दादा, ६४ म्हणजे ताकद कमी नाही, पाणी तुम्हाला अडवतंय. मीसुद्धा विहिरीतलीच, सुकलेला भोपळा बांधून शिकलेले. आता ५४ वर्षांची आहे. तुमचं दुखणं मला ओळखीचं वाटतंय म्हणून सविस्तर लिहिते.

विहिरीत डोकं वर ठेवावंच लागतं. काठावरून कोण कधी मुटका मारेल सांगता येत नाही, पाणसापाकडेही लक्ष ठेवावं लागतं. ती सवय अंगात मुरते. पण डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि आपण तिरकी फळी ओढावी तसं अंग ओढत राहतो. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट. त्यात वेग दुप्पट करायचा तर अडथळा चौपट होतो. म्हणून जोर लावून तुमचे दोन-तीन सेकंदच घटले.

उद्या एवढंच करा: नजर थेट खाली, तळाच्या काळ्या पट्टीवर. समोरची भिंत दिसत असेल तर डोकं वर आहे. मानेच्या मागे घडी पडतेय का, तेही जाणवतं. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर कुशीवर वळवायचं. गॉगलची एक काच पाण्यातच राहिली पाहिजे. आणि पाण्यात तोंड असताना श्वास सोडत राहा, बुडबुडे थांबू देऊ नका. तुमची छाती भरते ती बहुतेक आत कोंडलेल्या हवेनंच.

मग हात. विहिरीच्या कठड्यावर हात टेकून बाहेर येताना कोपर वर आणि पंजा खाली असतो ना? पाण्यात हात पुढं गेल्यावर तसंच धरायचं आणि पाणी मागं ढकलायचं. आपण विहिरवाले ते खाली दाबतो. त्यानं तोंड वर येतं, अंग पुढं जात नाही. मुठी वळून ५० मीटर पोहा, मग पंजा उघडा. पाणी हाताला लागणं म्हणजे काय ते तेव्हा कळेल.

पाय सायकलसारखे चालत असतील तर तेही सोडा. लाथ कमरेतून, छोटी, घोटा सैल. घोटे कडक असतील तर घरी वज्रासनात बसा, मला त्याचा खूप फायदा झाला.

एक कळकळीनं सांगते, हाताला पॅडल (पंजावर बांधायच्या प्लास्टिकच्या चकत्या) लावून घाई करू नका. मला एका प्रशिक्षकांनी पहिल्याच महिन्यात लावायला सांगितले. खांदा असा दुखावला की तीन आठवडे पाण्याबाहेर होते.

रोज_दोन_हजार
ताईंचं पटलं. त्यात सरावाची भर घालतो. एका दिवशी, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन, ४०० आणि २०० मीटर पूर्ण जोरात पोहा. दोन्ही वेळांमधला फरक भागिले दोन, हा तुमचा १०० मीटरचा टिकाऊ वेग. त्या वेगानं ५० मीटरचे आठ तुकडे, मध्ये २० सेकंद थांबून, आठवड्यातून दोनदा. तासभर एकाच चालीनं पोहून तीच चाल पक्की होते.

मळ्यातला_पोहणारा
दहा दिवसांनी लिहितोय. ४०० ला १३:१०, २०० ला ६:१०. म्हणजे टिकाऊ वेग ३:३० आला, बघून वाईट वाटलं. पण काल ५० मीटरला हात ५५ पडले आणि १०० मीटर २:४१ मध्ये झालं, तेही छाती न भरता! अडचण एकच: उजवीकडे श्वास नीट येतो, डावीकडे वळलो की नाकात पाणी.

गोदाकाठची
वा दादा, नऊ सेकंद! डावीकडे वळताना बहुधा पुढचा उजवा हात खाली बुडतोय, आधारच जातो. किकबोर्ड, म्हणजे तरंगती फळी, उजव्या हातात लांब धरून फक्त पायांनी जा, उजव्या कुशीवर होऊन तोंड डावीकडे वळवून श्वास घ्या. चार-पाच दिवस रोज १०० मीटर. मालवणला लाट कुठल्याही बाजूनं येते, दोन्हीकडे श्वास लागेलच. झालं की कळवा.