मदत हवी आहे: भाड्याने दिलेली व्हॅन परत घेताना दर वेळी वाद होतो, पद्धत कशी बसवावी?

कुर्ला_यार्ड

मारुतीच्या चार ईको कार्गो व्हॅन (सीएनजी) आणि अशोक लेलँडचे दोन ‘दोस्त’ छोटे ट्रक. ड्रायव्हरशिवाय, दिवसाच्या किंवा आठवड्याच्या भाड्यावर देतो. गिऱ्हाईक म्हणजे केटरर, मंडपवाले आणि पार्सल पोचवणारे. गाडी जाताना एका कागदावर सही घेतो आणि चारी बाजूंचे चार फोटो काढतो. परत आली की वाद ठरलेलाच.

अडतं ते इथे: ओरखडा जुना की नवा, सीएनजी ‘होता तेवढाच भरलाय’, क्लच गेला तर कुणामुळे गेला, आणि हिशोब मिटल्यावर आठ-दहा दिवसांनी येणारं चलन. डिपॉझिट कापलं की गिऱ्हाईक परत फिरकत नाही, नाही कापलं तर भुर्दंड मला. जाणकारांनी नेमकं सांगावं. ‘चांगली गिऱ्हाइकं निवडा’ हा सल्ला नको, तो आधीच मिळालाय.

पाना_१२_१३

चार बाजूंच्या चार फोटोंत गाडी ओळखू येते, खरचटलेलं दिसत नाही. मार लागतो तो कोपऱ्यांवर, आणि सरळ समोरून काढलेल्या फोटोत कोपरा नेमका सपाट दिसतो. फोन गुडघ्याच्या उंचीला धरा, कोपऱ्यावर तिरके उभे राहा आणि पत्र्याच्या लांबीच्या दिशेने बघत फोटो घ्या. पत्र्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं पाहिजे. ती सरळ रेघ जिथे मोडते तिथे चेप आहे. टॉर्च मारून तपासू नका, तिच्या उजेडात धूळही ओरखड्यासारखी दिसते.

ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत आणि धुळीने माखलेल्या गाडीवरही नाहीत. बंपरचे चार कोपरे, सरकत्या दरवाजाखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी आणि आरशांच्या पाठी एवढंच कोरड्या फडक्याने पुसा, दोन मिनिटांचं काम आहे. पावसाळ्यात शेड नसेल तर फॉर्मवर ‘गाडी ओली, बाहेरची तपासणी बाकी’ असं लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि ती कधीपर्यंत पुरी करणार ती वेळही तिथेच टाका. तसं न लिहिता दुसऱ्या दिवशी ओरखडा दाखवलात तर गिऱ्हाईक मानणार नाही, आणि त्याचं चुकणारही नाही.

‘ओरखडा’ म्हणजे काय ते आधी ठरवा. नख फिरवून बघायचं: अडकलं तर खर्च लागेल, नाही अडकलं तर पॉलिशने जातं, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. चेप दहाच्या नाण्याहून मोठी असेल तर धरायची, लहान असेल तर सोडायची. फोटोत तेच नाणं शेजारी धरा, म्हणजे नंतर मापावरून वाद नको. हे नियम गाडी देतानाच छापील कागदावर द्या. परत घेताना सांगितलेला नियम कितीही रास्त असला तरी तो आत्ताच काढलाय असंच वाटतं.

आता जे फोटोत येतच नाही ते.

ईकोचा सायलेन्सर. ईकोच्या सायलेन्सर चोऱ्या मुंबईला नव्या नाहीत. आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, चोरबाजारात त्याला सरळ ‘माती’ म्हणतात. कधी अख्खा सायलेन्सर जातो, कधी आतली माती काढून डबा तसाच परत बसवलेला असतो. गाडी देताना जोडाच्या नटबोल्टांवर पिवळ्या पेंटची एक रेघ ओढा, अर्धी नटावर, अर्धी पट्टीवर. परत आल्यावर ती जुळत नसेल तर कुणीतरी तिथे पाना लावलाय. थंड गाडीवर बोटाच्या पेराने डबा वाजवूनही बघा. भरलेला बद्द वाजतो, रिकामा ठणठणतो.

तसंच बॅटरीचा सीरियल नंबर आणि पाचही टायरांवर ‘DOT’ या अक्षरांच्या पुढे कोरलेले शेवटचे चार आकडे (आठवडा आणि वर्ष) लिहून ठेवा. स्टेपनी बदलली गेली तर एरवी कळतच नाही. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद. नक्षी मोजायचं गेज स्वस्तात मिळतं, त्याचा आकडा दोन्ही वेळी टाका.

दोस्तला ओव्हरलोड पाट्यांवर (चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) कळतो. रिकामी गाडी सपाट जागी उभी करा आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. जाताना सारखं होतं आणि येताना एक बाजू दोन सेंटिमीटर बसलेली असेल तर पाटा तुटलाय का ते खाली वाकून बघा. फाळक्याचे (हौद्याच्या उघडणाऱ्या कडेचे) हुक आणि बिजागऱ्या तेव्हाच हलवून घ्या. किती माल चालतो तो आकडा करारात लिहा. आरसीवर एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही असतं, वजाबाकी केली की झालं.

क्लच. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट धरतेय. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही चाचणी देताना एकदा, घेताना एकदा, गिऱ्हाइकासमोर आणि व्हिडिओ चालू ठेवून करा. पुन्हा पुन्हा करू नका, त्यानेच प्लेट जळते. आणि सरळ सांगतो, ६०,००० किलोमीटर चाललेली प्लेट दोन दिवसांच्या भाड्यात गेली तर पूर्ण पैसे मागू नका. प्लेट कधी बदलली होती त्याचं बिल दाखवा आणि उरलेल्या आयुष्यापुरतंच घ्या.

सर्व्हे_वही

पानाभाऊंनी गाडीचं सांगितलं, मी पैशांचं सांगतो.

१. तुमच्या पॉलिसीत आयएमटी २३ हे जादा संरक्षणाचं कलम घेतलंय का ते आजच बघा. मालवाहू गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंगकाम यांचं सुटं नुकसान धरलेलं नसतं. भाड्याच्या व्हॅनला रोज लागतं ते नेमकं हेच. गिऱ्हाइकाला ‘इन्शुरन्स आहे, काळजी नको’ सांगायचं आणि बंपर फुटल्यावर त्याच्याकडे बोट दाखवायचं, वादाची सुरुवात तिथूनच होते. शिवाय गाडी भाड्याने चालवायला देता हे विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंदवून घ्या.

२. क्लेम मंजूर झाला तरी प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत) कापतात, फायबरवर ३० टक्के, काचेवर काही नाही. वर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकानेच सोसायची ठरावीक रक्कम. गिऱ्हाइकाच्या वाट्याला काय येणार ते करारात याच क्रमाने लिहा: वजावट, घसारा आणि गाडी बंद राहिल्याचे जास्तीत जास्त अमुक दिवस. दिवसांना मर्यादा घाला, नाहीतर गॅरेजवाल्याची सुट्टी गिऱ्हाइकाच्या माथी पडते.

३. ‘कोणताही ओरखडा ५,००० रुपये’ असली पाटी काढून टाका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. भाग आणि मजुरी वेगळी दाखवणारं दरपत्रक लावा आणि डिपॉझिट कापताना सोबत गॅरेजचं बिल द्या. समोरचा स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी घेणारा एकटा माणूस असेल तर तो ग्राहक आयोगातही जाऊ शकतो.

४. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की दबून जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नका. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते मूळ फाइलवरून करणं सोपं जातं.

मंडपवाला_दादर

गिऱ्हाईक म्हणून लिहितोय. चीड पैसे कापल्याची येत नाही, दोन दिवसांनी फोनवर ‘तुमचे साडेतीन हजार कापलेत’ ऐकल्यावर येते. तपासणी माझ्यासमोर करा आणि वीस मिनिटांत संपवा. बाहेर माणसं ताटकळत असतात.

दुसरं, साफसफाई. मंडपाच्या मालातून सुतळी, भुसा, खिळे पडणारच. ‘झाडलेली गाडी’ म्हणजे काय ते लिहा. माझ्या मते हौदा झाडलेला आणि खिळा राहिलेला नाही, एवढं पुरे. तेल सांडणं किंवा माशांचा वास वेगळा, त्याचे पैसे घ्या. पण चिखलाच्या चाकांचे धुण्याचे पैसे जुलैमध्ये मागू नका हो.

उशिराचंही तसंच. पहिला तास माफ, पुढे तासाचा ठरावीक दर आणि तो दिवसभराच्या भाड्यापेक्षा जास्त होणार नाही, एवढं लिहिलंत तर सायनला अडकलेला माणूस भांडायला येणार नाही.

पाना_१२_१३

मंडपवाल्यांशी सहमत, फक्त खिळ्यांचं पक्कं बघा. स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक काठीला बांधून हौद्यातून फिरवलं की अर्ध्या मिनिटात होतं. राहिलेला खिळा पुढच्या गिऱ्हाइकाच्या मालात घुसतो.

सीएनजी राहिला होता. डॅशबोर्डवरचे चार हिरवे दिवे पुरावा म्हणून धरू नका. ते दाब दाखवतात, आणि दाब गॅसच्या तापमानाबरोबर बदलतो. भरताना टाकी तापते, तासाभराने निवली की दाब उतरतो, एक दिवा कमी दिसतो. गॅस कुठे गेलेला नसतो. पंपावर दाब कमी असेल तर ‘फुल्ल’ही अर्धवटच असते. म्हणून ‘होता तेवढा’ ही पद्धत सोडा. यार्डाजवळचा एक पंप ठरवा, देताना तिथे फुल्ल आणि परत देण्याआधी तिथेच फुल्ल. पावतीवरचे किलो, तारीख आणि वेळ फॉर्मला जोडा. पंपापासून यार्डापर्यंतचे किलोमीटर ओडोमीटरवर जुळतात का तेही बघा. पेट्रोलचा काटा वेगळ्या रकान्यात लिहा. गॅस संपला की लोक गाडी पेट्रोलवर पळवतात आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

पावसाळ्यात आणखी एक. अंधेरी सबवे किंवा हिंदमाताच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर बाहेरून धुतल्यावर पत्ता लागत नाही. एअर फिल्टरचा डबा उघडा. कागद ओला किंवा लाटांसारखा वाकलेला असेल तर इंजिन चालू करू नका, गाडी ढकलून बाजूला घ्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपनी हे नुकसान सहसा नाकारते. सीटखालचा गालिचा उचलून चिखलाची रेघही बघा.

खिडकी_क्रमांक_४

चलनासाठी पूर्ण डिपॉझिट अडकवू नका. ठरावीक छोटी रक्कम, समजा २,००० रुपये, राखा आणि परत कधी देणार ती तारीख पावतीवर टाका. कॅमेऱ्याच्या चलनाची नोटीस नियमाने १५ दिवसांत पाठवायची असते, म्हणून २० दिवस पुरेत. दरम्यान महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकून दोनदा तपासा. गाडी देण्याआधीही एकदा तपासून जुनी चलनं फॉर्मवर लिहा.

देण्या-घेण्याची वेळ मिनिटापर्यंत नोंदवा. चलनावर वेळ आणि ठिकाण छापलेलं असतं. ‘संध्याकाळी दिली’ असं लिहिलं असेल तर साडेसहाचं चलन कुणाचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. फास्टॅगचंही तसंच. पैसे कापल्याचा मेसेज उशिरा येतो, म्हणून स्टेटमेंटमधली नाक्यावरची वेळ बघा, मेसेजची नाही.

कुर्ला_यार्ड

खूप उपयोगी. दोन शंका. केटरर रात्री एक वाजता गाडी आणतात, तेव्हा यार्डात फक्त वॉचमन असतो. आणि गिऱ्हाईक सही करायलाच नाही म्हणालं तर?

सर्व्हे_वही

रात्रीसाठी दोन वेळा लिहा: चावी जमा केल्याची आणि तपासणीची. भाडं पहिल्या वेळेला थांबतं. ट्यूबलाइटखाली, कॅमेऱ्यात येईल अशी एकच जागा पिवळ्या रेघांनी आखा आणि गाडी तिथेच लावायला सांगा. गिऱ्हाइकाने स्वतः गाडीभोवती एक फेरी मारून व्हिडिओ काढावा, नंबरप्लेटपासून सुरुवात, मध्ये कट नाही, शेवटी काटे आणि ओडोमीटर, आणि तिथूनच तुमच्या नंबरवर पाठवावा. त्या व्हिडिओत जे नाही ते सकाळी त्याच्यावर टाकायचं नाही, हे तुम्हालाही बंधनकारक. वॉचमनकडून तपासणीची सही घेऊ नका, फक्त चावीची.

सही नाकारली तर हुज्जत घालू नका. त्याच रकान्यात ‘सही नाकारली’, वेळ आणि हजर असलेल्या दुसऱ्या माणसाची सही घ्या. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत खाली लिहा (‘हा ओरखडा आधीचा आहे’) आणि फॉर्मचा फोटो तो गेटबाहेर पडायच्या आत त्याला पाठवा. वाद नसलेली डिपॉझिटची रक्कम तिथल्या तिथे परत करा, वादातलाच भाग मागे ठेवा.

पाना_१२_१३

आणि फॉर्म सुरू करायच्या आधी सहाही गाड्यांवरचे आजचे सगळे ओरखडे एकदा मोजून नंबर घाला. गाडीच्या चित्रावर १ ते जितके असतील तितके. रविवारी दोन माणसं बसलात तर सहा गाड्यांचं होऊन जाईल. दोस्तचा फाळका आतूनही घ्या, तिथले सगळ्यात जास्त निघतील.