मदत हवी आहे : मिनिकॉयच्या लगूनमधील चाऱ्याच्या मासळीची नोंदवही कशी ठेवावी?

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने मी सध्या लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर राहतो. शेजारच्या गावातील काही तरुण मच्छीमारांनी एका कामात माझी मदत मागितली आहे आणि त्यासाठी कोकणातील मच्छीमार सोसायट्यांशी संबंध असलेल्या किंवा मत्स्यशास्त्र शिकलेल्या सभासदांचा सल्ला हवा आहे.

मिनिकॉय हे लक्षद्वीपचे दक्षिण टोक आहे. ते कोचीपासून सुमारे 400 किमी अंतरावर असून नाइन डिग्री चॅनेल या रुंद समुद्रपट्ट्याने इतर बेटांपासून तोडलेले आहे. येथील लोक बेटाला मलिकू म्हणतात आणि महल भाषा बोलतात. वस्ती दहा-अकरा गावांत विभागलेली असून गावाला ‘अवह’ असा शब्द आहे. प्रत्येक अवहचा एक प्रमुख असतो, बायकांची प्रमुख वेगळी असते, आणि होड्या ओढून वर घेण्यासारखी कामे गावाच्या हाकेवर सगळे मिळून करतात. तांदूळ, भाजीपाला कोचीच्या जहाजाने येतो. पावसाळ्यात जहाज लांबले की दुकानातील कांदे-बटाटे संपतात आणि मग नारळ व सुका मासा यांवर भागवावे लागते. (कोथिंबिरीची आठवण काढणे मी सोडून दिले आहे.)

येथील मुख्य मासा म्हणजे कुपा (ट्यूना). तो जाळ्याने नव्हे, तर काठी-गळाने पकडतात. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे वर खेचलेला मासा होडीत पडताच आपोआप सुटतो आणि गळ लगेच पुन्हा पाण्यात जातो. मात्र त्याआधी जिवंत चारा, म्हणजे कुपाला भुलवण्यासाठी लहान मासे, लागतो. पहाटे होडी लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतील उथळ पाण्यात जाते, प्रवाळाच्या एखाद्या ढिगाऱ्याजवळ चौकोनी जाळे पसरते, वाटलेल्या मासळीचे आमिष दाखवून बोटभर लांबीचे रुपेरी मासे त्यावर गोळा करते आणि जाळे हलकेच उचलते. हे मासे होडीच्या तळाशी असलेल्या टाकीत सोडतात. टाकीला भोके ठेवलेली असल्यामुळे समुद्राचे पाणी आतबाहेर खेळते राहते. मग प्रवाळाच्या कड्याबाहेर जाऊन पक्ष्यांचे थवे शोधायचे, कुपांचा कळप दिसला की चारा उधळायचा आणि वरून पाण्याचे फवारे मारायचे, म्हणजे कुपांना होडी दिसत नाही. सांगण्याचा मुद्दा असा की ज्या सकाळी चारा मिळाला नाही, त्या सकाळी बाहेरच्या समुद्रात कितीही कुपा असला तरी होडीला परत यावे लागते. मासा उकडून, धुरावून आणि वाळवून जे ‘मास्मीन’ तयार होते, त्याचे बायकांच्या हातातील कामही त्या दिवशी थांबते.

गावातील जाणत्या मंडळींचे म्हणणे असे की चारा शोधण्यात आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ जातो. होड्या मोठ्या झाल्या, टाक्या मोठ्या झाल्या, आणि 1998, 2010 व 2016 या वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळ पाणी तापल्यामुळे मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, हे केवळ आठवणींवरून ठरवता येणार नाही. म्हणून नोंदवहीची कल्पना पुढे आली.

येथे माझी पहिली अडचण सुरू होते. महाराष्ट्रात 2023 मध्ये अनेक माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून देण्यात आला. तसा नियम येथे लावता येणार नाही, कारण चाऱ्याचा मासा पूर्ण वाढला तरी लहानच असतो. शिवाय चारा एका जातीचा नसतो. लगूनमध्ये थव्याने फिरणाऱ्या रुपेरी माशांचे आयुष्य काही महिन्यांचेच असते आणि त्यांची नवी पिढी लवकर तयार होते, पण प्रवाळाच्या फांद्यांत लपणारे मासे त्या प्रवाळावरच अवलंबून असतात. पहिल्यांसाठी थोड्या काळाची विश्रांती पुरेशी ठरेल, दुसऱ्यांसाठी बहुधा काही ढिगारे कायमचे सोडून द्यावे लागतील, असा माझा अंदाज आहे. जाणकारांनी तो तपासून सांगावा.

दुसरी अडचण मोजमापाची आहे. चारा वजन करायला बाहेर काढला की मरतो. त्यामुळे किती डबे टाकीत ओतले, जाळे किती वेळा टाकले, शोधण्यात किती वेळ गेला आणि समुद्रात पोहोचेपर्यंत किती मासे मेले, एवढेच लिहावे असे मी सुचवले आहे. माझ्या मते ‘शोधण्यात गेलेला वेळ’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चारा विरळ होत असल्याची खूण वजनापेक्षा तिथे आधी दिसेल. होडीवर लिहिण्याची सोय नसते, हात ओले असतात; संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीवर कितपत विश्वास ठेवावा?

तिसरा प्रश्न मला स्वतःला सर्वांत अवघड वाटतो. लगून एकच आहे आणि होड्या सगळ्या अवहच्या. एका गावाने ढिगारा राखून ठेवला आणि दुसऱ्याने तिथेच जाळे टाकले, तर नियम आठवडाभरही टिकणार नाही. शिवाय ही वही उद्या एखाद्या कार्यालयात जाऊन आपल्यावरच बंदी येईल, अशी भीती काही वयस्कर मच्छीमारांनी बोलून दाखवली, आणि ती मला अवाजवी वाटत नाही. वही गावाच्या ताब्यातच राहावी, या मताचा मी आहे. कोकणात डोल जाळी (प्रवाहात एका जागी बांधून ठेवायची पिशवीसारखी जाळी) लावणाऱ्या कोळीवाड्यांत जागांची वाटणी परंपरेने ठरलेली असते, असे ऐकून आहे. तिथे तंटा झाला तर निवाडा कोण करतो, दंड रोख असतो की काही दिवस जाळे न लावण्याचा, आणि शेजारच्या गावाला तो कसा मान्य करायला लावतात, हे कोणी प्रत्यक्ष पाहिले असल्यास सविस्तर लिहावे.

सध्या पावसाळ्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आहेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्व गावांच्या प्रमुखांची बैठक घ्यावी, असे ठरत आहे, तेव्हा रकाने आखलेला कच्चा नमुना हाती असला तर बोलणे सोपे जाईल. आपल्या सोसायटीत अशी वही वापरात असल्यास माणसांची नावे झाकून एखाद्या पानाचे छायाचित्र येथे टाकावे, आणि सोबत जाळ्याचा प्रकार व वही कोण भरते तेही लिहावे, ही विनंती.