टायरवर नक्षी आहे, पण वय आठ वर्षं: पावसाआधी बदलावेत का?

घाटरस्ता:
हॅचबॅक, साइझ १८५/६५ आर १५, ८८ एच. चारही टायरवर आणि स्टेपनीवर कोड ३४१७. नक्षी पुढे ४ मिमी, मागे ५ मिमी भरते. वापर वर्षाला जेमतेम ६००० किमी, पण पावसाळ्यात पुणे–चिपळूण कुंभार्ली घाटातून येणंजाणं असतं. टायरवाला म्हणतो, अजून दोन वर्षं सहज निघतील. एका दुकानात १९२४ कोडचे नवे टायर १५ टक्के कमी भावात आहेत, दुसरीकडे १२२५ चे पूर्ण भावात. '१९५/६५ घाला, गाडी उचलली जाईल' असंही एकाने सांगितलं. दोनच बदलले तर भागेल का?

रबरपारखी:
३४१७ म्हणजे २०१७ चा ३४वा आठवडा, ऑगस्टची अखेर. नक्षीवरून झीज कळते, वय नाही. रबरात ओझोनपासून वाचवणारी रसायनं घातलेली असतात आणि टायर फिरताना, दबताना ती पृष्ठभागावर येत राहतात. (जुन्या टायरवर तपकिरी झाक दिसते ती त्यांचीच, मळ नव्हे.) गाडी उभीच राहिली की हे काम मंदावतं. त्यामुळे कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी तडकतात.

टायर आधी साबणाने धुवा, कारण पॉलिशखाली बारीक भेगा दिसत नाहीत. मग स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून टॉर्चचा उजेड तिरका टाका आणि चरांचा तळ व रिमलगतची कड बघा. चराच्या तळाशी नख अडकेल अशी भेग दिसली तर टायर बाद. बाजूला कुठे फुगा असेल तरीही बाद, कारण आतले दोरे तुटलेले असतात.

भेगा नसल्या तरी आठ वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. कोरड्या रस्त्यावर ते जाणवत नाही, ओल्या वळणावर जाणवतं. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षं झाली की बदल, असं सांगतात. पण दहा वर्षं टिकतातच असा त्याचा अर्थ नाही. गाडी उन्हात उभी राहत असेल आणि पावसात घाट असेल, तर मी चारही बदला म्हणेन. स्टेपनीही तेवढीच जुनी आहे. ती पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यापुरतीच वापरा.

बिनतोड:
१९२४ चे घ्यायला हरकत नाही. सावलीत, उभे ठेवलेले टायर एका वर्षात खराब होत नाहीत. दुकानाबाहेर उन्हात थप्पी लावलेली असेल तर मात्र सूट कितीही असो, नको. चारही नव्या टायरवरचे कोड स्वतः वाचा. आठवडा-वर्ष बहुतेक वेळा एकाच बाजूला छापलेलं असतं, त्यामुळे बसवण्याआधीच बघितलेलं बरं. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून की उत्पादनाच्या, हे विचारा आणि टायरचे नंबर बिलावर लिहून घ्या. आयएसआय खूण हवीच.

१९५/६५ नको. तुमच्या टायरचा व्यास ६२१.५ मिमी, त्याचा ६३४.५. म्हणजे २ टक्के जास्त. गाडी उंचावणार फक्त साडेसहा मिमी. त्यापायी स्पीडोमीटर मूळ साइझपेक्षा कमी वेग दाखवणार आणि चाक पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या लायनरला (चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणाला) घासूही शकतो. कुठलाही साइझ घ्या, लोड इंडेक्स ८८ च्या खाली नको. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो.

चाकजोड:
पैशाची अडचण असेल तर दोन घेता येतील, पण नवे मागे बसवा. 'इंजिन पुढे, म्हणून नवे पुढे' हे सर्रास ऐकायला मिळतं आणि चूक आहे. साचलेल्या पाण्यावर पुढची चाकं तरंगली तर गाडी सरळ जाते, वेग उतरला की सावरते. मागची तरंगली तर गाडी गर्रकन फिरते, मग सावरायला वेळच मिळत नाही.

घाटरस्ता:
धुऊन पाहिले. चरांत बारीक भेगा आहेत, आणि पुढच्या दोन्ही टायरची आतली कड खाल्लीय. ४ मिमी मी मधोमध मोजले होते. आत २ मिमीच आहेत.

चाकजोड:
मग चारही बदला. २ आणि कायद्याची किमान १.६ मिमी यांत फरक तो काय! आतली कड खाते ती बहुतेक टोमुळे (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली), कधी कॅम्बरमुळे (समोरून बघता चाक कललेलं). नक्षीवर तळहात आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो. लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याचे रबरी जोड) आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा) आधी तपासून घ्या. ते ढिले असतील तर अलाइनमेंट (चाकांचे हे कोन जुळवणं) आठवडाभरही टिकत नाही आणि नवे टायरही तसेच जातील. अलाइनमेंट नवे टायर बसल्यावर, हवा बरोबर भरून.

रबरपारखी:
व्हॉल्व्ह नवे मागा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर यावा, म्हणजे बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. बाजूला बाण किंवा 'आउटसाइड' असेल तर टायर उलटा बसला नाही ना, हे गाडी जॅकवर असतानाच बघा. नट शेवटी टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने). हवेच्या गनने करकचून आवळले की पंक्चरच्या वेळी पान्याला दाद देत नाहीत. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलीय तेवढी, टायर थंड असताना. नायट्रोजनला जादा पैसे द्यायची गरज नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.